शिबिराआधी त्या मुलीला भेटा

प्रश्न : मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. नववीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका आहे. शाळेचा पट आठशेच्या घरात; समुपदेशक नाही. दोन महिन्यांपूर्वी वर्गातल्या एका मुलीच्या हातावर कापल्याच्या बारीक रेघा दिसल्या. मी बघतेय म्हणताच तिने बाही ओढून घेतली. एकटीला गाठून विचारलं तर रडायला लागली. म्हणाली, ‘बाई, घरी कळलं तर माझी शाळा सोडवून लग्न लावतील. कोणाला सांगू नका.’ मी शब्द दिला. तेव्हापासून माझीच झोप उडाली आहे. त्याच वर्गातला एक मुलगा रोज दुसऱ्या तासापासून बाकावर डोकं टेकून झोपतो. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत, हा आजोबांजवळ असतो. त्याला नैराश्य आलं असेल का? मुख्याध्यापकांच्या कानावर मी मोघम घातलं. त्यांनी लगेच पुढच्या महिन्यात एका नावाजलेल्या वक्त्याचं दिवसभराचं शिबिर ठरवून टाकलं. हल्लीची मुलं फार नाजूक झालीत हे मलाही पटतं. शिबिरात काय काय असावं? मुलांना कणखर कसं करावं?

उत्तर :

ताई, शिबिराचं नंतर बघू. ते पुढच्या महिन्यात आहे, आणि त्या मुलीला दोन महिने होऊन गेलेत.

तुम्ही शब्द दिलात तो तिला धीर यावा म्हणून. पण हा शब्द पाळण्यासारखा नाही. मोडायचा तो मात्र तिच्या पाठीमागे मोडू नका. येत्या दोन दिवसांत एखाद्या ऑफ तासाला तिला बोलवा. मधली सुट्टी नको. वेळ पुरत नाही आणि खिडकीशी मैत्रिणी येऊन उभ्या राहतात. ऑफिसही नको, कारण ऑफिसात बोलावणं आलं की हिने काय केलं याची चर्चा वर्गभर होते. प्रयोगशाळा किंवा ग्रंथालयाचा कोपरा चालेल. दार उघडं असावं, पण बोलणं बाहेर जाऊ नये. बसल्यावर सरळ सांगा : ‘त्या दिवशी मी कोणाला सांगणार नाही म्हणाले होते. ते मला पाळता येणार नाही, कारण तुझ्या जिवाची काळजी आहे. पण कोणाला सांगायचं, काय सांगायचं आणि काय नाही, हे आपण दोघी मिळून ठरवू.’ ती चिडेल, कदाचित दोन दिवस तुमच्याकडे बघणारही नाही. तेवढं सोसावं लागेल. यापुढे कुठलंही मूल ‘कोणाला सांगू नका’ म्हणालं तर पहिल्याच वाक्यात सांगा : ‘तुझ्या किंवा आणखी कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल. बाकीचं माझ्याजवळ राहील.’

जखमा दाखव म्हणू नका, ‘पुन्हा करणार नाही’ अशी शपथही घालू नका. शपथ मोडली की मूल पुढच्या वेळी तुमच्यापासूनच लपवतं. जखम खोल आहे का, चिघळलीय का, एवढं विचारा. असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात मलमपट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, तेही त्याच दिवशी.

आता सगळ्यात अवघड भाग. हातावर कापून घेणारी सगळीच मुलं मरायला निघालेली नसतात. बऱ्याचदा आत दाटून आलेलं थोडा वेळ खाली बसतं, म्हणून ती तसं करतात. लोक याला नाटक म्हणतात. तसं असतं तर तिने बाही ओढून घेतली नसती. पण अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून विचारावंच लागतं. विचारलं तर तिच्या डोक्यात नको ते भरेल, ही भीती जवळपास प्रत्येक शिक्षकाला वाटते. या प्रश्नावर झालेल्या अभ्यासांमध्ये त्या भीतीला आधार मिळालेला नाही. विचारल्याने मुलांना मोकळं होता येतं, असंच दिसतं. शब्द असे ठेवा : ‘कधी इतकं नकोसं होतं का, की जगूच नये असं वाटतं?’ उत्तर ‘हो’ आलं तर थांबू नका. हल्ली कधी वाटलं होतं? कसं करायचं याचा काही विचार केला होतास? ते घरात हाताशी आहे का? याआधी कधी प्रयत्न केला होतास? आवाज रोजचाच असू द्या, गणिताची पायरी विचारताना असतो तसा. डोळ्यांत पाणी आणून विचारलंत तर ती तुम्हालाच सावरायला लागेल.

‘नाही, तसं कधीच नाही’ असं म्हणाली तर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं भेटायचं ठरवा, ते सहा आठवडे तरी मोडू नका, आणि तज्ज्ञांकडे नेण्याची तयारी सुरू करा. विचार येतात पण काही ठरवलेलं नाही, असं असेल तर पालकांशी एक-दोन दिवसांत बोलायला हवं आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्याच आठवड्यात व्हायला हवी. कसं करायचं हे ठरलेलं आहे, साधन हाताशी आहे किंवा आधी एकदा प्रयत्न झालाय, असं असेल तर ती त्या दिवशी एसटीने एकटी घरी जाणार नाही. घरचं मोठं माणूस शाळेत येईपर्यंत कोणीतरी तिच्याजवळ बसेल, आणि तिथूनच जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं. शिपायाबरोबर घरी पाठवली आणि निरोप दिला, असं करू नका. मधल्या काळात १४४१६ वर, म्हणजे टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते, विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलते.

घरी काय सांगायचं, यावर बहुतेक शिक्षक अडखळतात. आईला एकटीला बोलवा की दोघांना, हे मुलीलाच विचारा. घरात कोण ऐकून घेणारं आहे, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? कधी ती मावशी असते, कधी थोरला भाऊ. पालक आले की हाताचं आधी काढू नका. आधी ती शाळेत काय चांगलं करते ते, मग तिला सध्या किती जड जातंय ते, आणि त्यानंतर हे. तीन गोष्टी स्पष्ट मागा : मारायचं नाही, शाळा बुडवायची नाही, आणि घरातली फवारणीची औषधं व सगळ्यांच्या गोळ्या कुलपात ठेवून किल्ली मोठ्या माणसाने जवळ बाळगायची. शेतकरी घरांत फवारणीच्या बाटल्या बहुधा दाराआड किंवा माळ्यावर उघड्याच असतात. तो टोकाचा क्षण अनेकदा थोड्या वेळात ओसरतो. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं हे खूप मोठं काम आहे. हे वाक्य गुळमुळीत बोलू नका.

लग्नाची तिची भीती ‘असं कुठं होतं का’ म्हणून उडवून लावू नका. तुमच्या भागात होतं, हे तुम्हालाही माहीत आहे. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे आणि गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची जबाबदारी आहे, हे पालकांना धमकीच्या सुरात नव्हे, पण ऐकू जाईल असं सांगता येतं. तारीख ठरत असल्याची कुणकुण लागली तर १०९८ वर, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाईनला फोन करा.

एक अपवाद आहे. बोलता बोलता घरातलं, नात्यातलं किंवा शाळेतलं कोणी तिच्याशी लैंगिक गैरवर्तन करतं असं कळलं, तर आधी पालकांना बोलावण्याचा हा क्रम लागू नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती पोलिसांना देणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, संस्थाप्रमुखाला जास्त. तिला खोदून खोदून विचारू नका, तपास करणं तुमचं काम नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि ज्या माणसाविषयी संशय आहे त्याच्या कानावर काही जाऊ देऊ नका.

लिहून ठेवणं एरवीही लागेलच. वेगळी वही, त्यात तारीख, तुम्ही काय पाहिलं, ती काय म्हणाली, तुम्ही काय केलंत, कोणाला सांगितलंत. नावाऐवजी खूण. वही कुलपात. मुख्याध्यापकांना सगळा तपशील लागत नाही. ‘एका विद्यार्थिनीच्या जिवाला धोका असू शकतो, मी हे हे करते आहे, मला आठवड्याला एक तास मोकळा हवा’ एवढं पुरे. स्टाफरूममध्ये आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर यातलं अक्षरही जाता कामा नये. वर्गात ‘स्वतःला इजा करू नका’ असं सार्वजनिक भाषणही नको. हा प्रकार मैत्रिणींच्या घोळक्यात एकीचं बघून दुसरीत जातो, आणि अशा भाषणाने त्याला खतपाणीच मिळतं. आणखी दोघी-तिघी असतील तर प्रत्येकीशी वेगळं बोला.

मुलाकडे वळू. नैराश्य असेल का, हे पत्रावरून कोणीच सांगू शकणार नाही, आणि तुम्हीही एवढ्यात त्याला ते नाव देऊ नका. आधी एक साधा प्रश्न : रात्री किती वाजता झोपतोस, आणि मध्ये कशासाठी उठतोस? शेतीपंपाची लाईट रात्रीची असेल आणि घरात धडधाकट माणूस तो एकटाच असेल, तर मोटर चालू करायला आणि पाणी द्यायला कोण जात असेल? लहान भावंडं आहेत का? सकाळी भाकरी कोण करतं? ही उत्तरं मिळाली की कदाचित कळेल की त्याला औषधाची नव्हे, झोपेची गरज आहे. तसं काहीच नसेल, झोप भरपूर होऊनही तो गळून गेलेला असेल, खेळायला जाणं सुटलं असेल, डबा तसाच परत जात असेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं. रक्त कमी असण्याची शक्यताही तेव्हाच तपासून घ्यावी.

अशा मुलाबरोबर बसायची एक रीत आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांत तिच्यावर पद्धतशीर काम झालं आहे. तीन पायऱ्या : नेमकी अडचण कोणती, त्यावर पर्याय कोणते, त्यातला एक करून बघणं. वीस-पंचवीस मिनिटांच्या चार-पाच बैठका, तीन आठवड्यांत. चूक होते ती पहिल्याच पायरीवर. ‘अभ्यासात लक्ष नाही’ ही अडचण नव्हे, तो आपला शेरा आहे. ‘सोमवार ते गुरुवार रात्री दीडला उठावं लागतं’ ही अडचण. मग पर्याय त्याने काढायचे, तुम्ही लिहून घ्यायचे, वेड्यासारखा वाटला तरी लिहायचा. शेजारच्या काकांशी आलटून-पालटून पाळी, आठवड्यातले दोन दिवस पहिल्या तासाला उशिरा यायची परवानगी, आईवडिलांना फोनवरून सांगणं. शेवटी निवड त्याची. आठवड्याने विचारायचं : जमलं का? नाही जमलं तर का? बहुतेक शिक्षक दुसऱ्याच मिनिटाला स्वतःचा उपाय सांगून मोकळे होतात, आणि मुलाच्या हाती फक्त आणखी एक आज्ञा येते.

आता नाजूकपणाचं. पहाटे उठून घरचं आवरणारा, शाळेत येणारा, रात्री शेतात जाणारा चौदा वर्षांचा मुलगा कदाचित तुमच्याच वर्गात आहे. दोन महिने हात झाकून रोज वेळेवर येणारी, गृहपाठ करणारी मुलगीही तिथेच आहे. यांना नाजूक म्हणायचं कशावरून? सोसण्याची ताकद यांच्यात भरपूर आहे, खरं तर गरजेपेक्षा जास्त. शाळेत नाही ती एवढीच सोय की सोसवेनासं झालं तर जायचं कोणाकडे, आणि गेल्यावर पुढे काय होईल. ‘कणखर व्हा’ असं सांगणारं व्याख्यान हे अंतर कमी करत नाही. उलट आठशे मुलांच्या मधे बसलेली ती मुलगी मनाशी म्हणेल, सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. गोव्यातल्या संगाथ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत वेगळा नेमलेला, पदवी मानसशास्त्राची नसलेला पण प्रशिक्षण दिलेला एक समुपदेशक. काहींत तेच काम शाळेतल्याच शिक्षकाकडे. उरलेल्यांत यातलं काही नाही. समुपदेशकाच्या शाळांत शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि उदासी कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शिक्षक कमी पडले असं मी म्हणणार नाही. ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्यापाशी मूल सगळं बोलत नाही, आणि जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामं अंगावर असलेल्या माणसाला वेळ राहत नाही. युरोपातल्या १० देशांत १६८ शाळांमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही फक्त शिक्षकांना प्रशिक्षण देऊन आत्महत्येचे प्रयत्न घटले नाहीत. घटले ते मुलांबरोबर काही आठवड्यांत विभागून पाच तास बोलणं आणि छोटे नाट्यप्रसंग केल्यावर. सगळ्या वर्गाला सरसकट ध्यान शिकवण्याच्या ब्रिटनमधल्या मोठ्या प्रयोगातही, ज्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक दिसला नाही.

तेव्हा मुख्याध्यापकांशी वाद घालू नका, शिबिराचा खर्च दुसरीकडे वळवायला सांगा. त्या एका दिवसाच्या मानधनात जिल्ह्याच्या ठिकाणचा समुपदेशक किती वेळा येऊन जाईल याचा हिशेब कागदावर मांडा. संस्थाचालक ऐकत नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निकाल पुढे ठेवा. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं, असे निर्देश त्यात आहेत. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. गुणांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं टाळावं, हेही त्यात आहे. तुमच्याकडे अजून ‘अ’ म्हणजे हुशार आणि ‘ड’ म्हणजे ढ अशी वाटणी असेल, तर समुपदेशक येण्याची वाट न बघता ती मोडता येते. पैसाही लागत नाही.

समुपदेशक मिळेपर्यंत सरकारी दारं आहेत : जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक, आणि किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांतली ‘मैत्री’ क्लिनिक. तिथे कोणत्या वारी कोण बसतं, हे आत्ताच फोन करून विचारून ठेवा. वेळ आली की त्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ रजेवर असतात, आणि पालक एकदा हात हलवत परत आले की पुन्हा येत नाहीत.

शिबिराचा दिवस वेळापत्रकात राहणारच असेल, तर सकाळचे दोन तास फक्त शिक्षकांसाठी मागून घ्या. प्रत्येक तुकडीचा हजेरीपट टेबलावर. वर्गशिक्षकाने एकेक नाव वाचायचं आणि सगळ्यांनी सांगायचं : हे मूल अडचणीत आलं तर शाळेतल्या कोणाकडे जाईल? नाव सांगता आलं तर पेन्सिलीने टिंब. चित्रकलेचे सर, प्रयोगशाळा परिचर, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, कोणीही चालेल. काही नावांपुढे पाच-सहा टिंबं पडतील. ती बहुधा स्नेहसंमेलनात पुढे असणारी मुलं. काही नावांपुढे एकही नाही. ती यादी तुमची. प्रत्येक शिक्षकाने तिच्यातली दोन-तीन मुलं वाटून घ्यायची आणि आठवड्यातून दोनदा त्यांच्याशी अभ्यास सोडून काहीतरी बोलायचं. मुलाला यातलं काही सांगायचं नाही. पंधरा दिवसांनी वीस मिनिटं बसून यादी पुन्हा बघायची, सोबत हजेरी : ओळीने सोमवार बुडवणारे कोण, कवायतीला सतत न येणारे कोण, उन्हाळ्यातही लांब बाही न सोडणारे कोण.

तक्रारपेटी तुमच्या शाळेत असेलच, ऑफिसच्या दाराशी, मुख्याध्यापकांच्या नजरेसमोर. ती पाण्याच्या नळांकडे हलवा. दर शुक्रवारी दोघांनी मिळून उघडायची, त्यातली एक बाई हवी. नाव न घालता आलेल्या चिठ्ठ्यांना सोमवारच्या आत फलकावर उत्तर द्यायचं, अगदी ‘पंख्याचं बघतो, पण या महिन्यात होणार नाही’ असं असलं तरी. पहिले दोन आठवडे त्यात सिनेमाचे डायलॉग आणि शिक्षकांची टोपणनावं येतील. चिडून पेटी बंद करू नका. मुलं पेटीची परीक्षा घेत असतात. खरी चिठ्ठी त्यानंतर येते.

राहिली तुमची झोप. १४४१६ मुलांपुरताच आहे असं समजू नका. त्या मुलीला भेटण्याआधी, आज संध्याकाळीच स्वतः फोन लावा. वही समोर ठेवा, तिचं नाव न घेता सगळं सांगा, आणि तिला विचारायचे प्रश्न फोनवरच्या समुपदेशकासमोर एकदा मोठ्याने म्हणून बघा. एकदा तोंडातून गेले की तिच्यासमोर जीभ अडणार नाही.